नव्या मेडिकलवालीला पत्र

सांगली

प्रिय पोरी,

कवठेमहांकाळला दुकान टाकतेस, लायसन्सही हातात आलं, ऐकून बरं वाटलं. फ्रीज कुठला घ्यावा, उधारी कुणाला द्यावी, हे फोनवर बोलू. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. दोन वर्षं तू माझ्या काउंटरला होतीस, तरी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. खरं तर लाज वाटली म्हणून सांगितली नाही.

मार्केट यार्डात हळद निवडायला जाणारी एक बाई माझ्याकडे यायची. तू यायच्या आधीची गोष्ट. बोटं पिवळी, नखांत हळद बसलेली. संध्याकाळी कामावरून सुटली की, "काका, त्या दोन गोळ्या द्या की," म्हणायची, आणि मी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी द्यायचो. चिठ्ठी कधी काळची, घडीवर फाटलेली. पुढे पुढे तीही मागायचं मी सोडलं. सुटे पैसे परत दिले की ती नाणं उचलायची नाही. तळहाताने काउंटरच्या काठापर्यंत सरकवत न्यायची आणि दुसऱ्या हातात पाडून घ्यायची. चिमूट धरताच येत नव्हती तिला. हे मी दर दोन दिवसांनी बघत होतो.

एकदा आली ती घामाघूम होऊन. जबडा आणि पाठ भरून आलीय म्हणाली, "पित्त झालंय, गॅसची गोळी द्या." दिली. रात्री तिला मिरजेला हलवलं. हार्ट अटॅक होता. वय ४२, साखर नाही. वाचली, पण पंधरा दिवसांनी तिचा भाऊ दुकानात आला. भांडायला नव्हे, विचारायला. "काका, डॉक्टर म्हणत्यात हाताच्या दुखण्यानं काळजाला धक्का बसला. हाताचा अन् काळजाचा काय संबंध?" चाळीस वर्षं औषधं विकलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचायला बसलो.

तिला आमवात होता, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. इथे शरीराची स्वतःची फौज सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असली रसायनं त्या चकमकीत तयार होतात आणि ती मनगटात थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्यामुळे बिघडतं, कोलेस्टेरॉल भिंतीत शिरायला वाट मिळते, त्याच्यामागे पांढऱ्या पेशी शिरतात आणि तिथेच अडकून पडतात. अशी साठलेली गाठ वरच्या पापुद्र्याने झाकलेली असते. सूज सतत धुमसत राहिली की तो पापुद्रा पातळ होतो, एके दिवशी फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाट बंद. हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तू पाहिली आहेस. वरून जमीन सपाट, बैल बांधलेले, पोरं खेळतायत. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं तेव्हा वर दिसणारी जमीन तशीच होती, नासाडी कळली ती पेवं उघडल्यावर.

हा विचार नवा नाही. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच धमनीच्या भिंतीतली सूज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. मधली कितीतरी वर्षं मात्र आपण सगळे कोलेस्टेरॉलच्या एकाच आकड्याकडे बघत राहिलो. आता युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची शिफारसच आहे की नेहमीच्या तक्त्यावरून हृदयविकाराचा जो धोका निघेल त्याला आमवाताच्या रुग्णासाठी १.५ ने गुणायचं. ल्यूपस, म्हणजे शरीराची फौज स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो दुसरा आजार, त्याचं तर विचारू नकोस. १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपसच्या बायकांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पटींहून जास्त निघालं. अंगभर सोरायसिस असलेल्यांनाही हा धोका आहे, आणि त्यांना आपण फक्त मलम देऊन वाटेला लावतो.

आता आपल्या धंद्याचं. वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, आमवाताची मूळ लढाई तशीच चालू राहते. बाई उद्या कामाला जाते म्हणून तिला वाटतं बरं झालं, आपल्यालाही वाटतं बरं केलं. त्यात ही गोळी स्वतःच हृदयावर भार टाकते, रक्तदाब वाढवते, अंगात पाणी धरून ठेवते. याच जातीची रोफेकॉक्सिब जगभरातून २००४ मध्ये मागे घेतली गेली ती हार्ट अटॅकमुळेच. डायक्लोफेनॅकही त्या बाबतीत साधं नाही. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ते देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं. (आपल्याकडे २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. गिधाडांची दखल घेतली गेली, चांगलंच झालं.) माझ्या गोळ्यांनीच त्या बाईला झटका आला असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण तिला सांध्याच्या डॉक्टरकडे जायची गरज वाटू नये, एवढी सोय मी इतकी वर्षं करून दिली.

तेव्हा चिठ्ठीशिवाय स्ट्रिप मागणाऱ्याला दोन प्रश्न विचार. आठवड्याला किती गोळ्या लागतात? आणि सकाळी हात सुटायला किती वेळ लागतो? भाकरी थापायला तासभर बोटं वळत नाहीत असं कुणी म्हणालं, आणि दोन्ही हातांचं तसंच असलं, तर तिला मिरजेची वाट दाखव. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्याने अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन मागितलं तर हात आखडता घे, ते ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं.

मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे आमवाताची मूळ लढाई शांत करणाऱ्या गोळीचं, तुला दुकानात शिकवलंय, तरी पुन्हा लिहितो. ती आठवड्यातून एकदाची गोळी आहे. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. स्ट्रिपवर मार्करने वार लिही, "फक्त रविवार", आणि समोरच्याकडून वाचून घे. वाचता येत नसेल तर तिच्या घरातल्या पोराकडून. आणि ही गोळी कुणी आपल्या मनाने बंद करत असेल तर थांबव. होतं असं की सूज जोरात असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी दिसतं. औषध लागू पडलं, सूज उतरली की आकडा थोडा वर येतो. पेशंट रिपोर्ट नाचवत येतो, "काका, या गोळीनं चरबी वाढली." त्याला सांग, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, गोळी टाकू नकोस.

सूज कमी केली की हृदय वाचतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब नावाच्या सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. १०,०६१ माणसं, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला, सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, चढलेला. कोलेस्टेरॉलला हात न लावता, फक्त सूज उतरवून पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जंतुसंसर्गाने जास्त माणसं दगावली, शिवाय किंमत डोळे पांढरे करणारी. मग मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना देऊन पाहिलं, तिथे काहीच फायदा दिसला नाही. गाउटची, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजतात त्या दुखण्याची, जुनी गोळी कोल्चिसिन काही चाचण्यांत उपयोगी ठरली, २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत ठरली नाही. म्हणजे सूज ही एकच वस्तू नाही, कुठली आणि कशाने विझवतोस त्यावर सगळं अवलंबून आहे. कोल्चिसिनची चिठ्ठी आली तर सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नाही ना, एवढं मात्र तूच बघायचं. ती जोडी विषारी ठरू शकते.

मिश्रीबद्दल बोलायला संकोच करू नकोस. आपल्याकडच्या बायका तंबाखूला तंबाखू म्हणत नाहीत, "दातांना लावते" म्हणतात. हिरड्या सुजलेल्या राहणं आणि आमवात यांचं नातं आहे, आणि तंबाखू हृदयालाही सोडत नाही. मी बायकोची मिश्री सोडवायला नऊ वर्षं घेतली, त्यामुळे घाई करू नकोस.

हळदीचं विचारतीलच, सांगलीची माणसं. आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं याचा मलाही अभिमान आहे. पण जिच्यामुळे ती औषधी म्हणतात ते तिच्यातलं कुरक्युमिन थोडं, आणि पोटातून रक्तात उतरतं त्याहून थोडं. आमटीत खुशाल घाला म्हणावं. कॅप्सूल मागितली आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. आणि ती बाई दिवसभर हळदीतच बसायची, हेही लक्षात ठेव.

घाम फुटलेली, जबडा किंवा पाठ दुखतेय म्हणणारी बाई गॅसची गोळी मागायला आली, तर बसव आणि १०८ ला फोन लाव. आमवात असलेल्यांच्या छातीत कळ येईलच असं नसतं.

बसव म्हणालो, त्यावरून आठवलं. फर्निचरवाला काउंटर उंच करू म्हणेल, चोरी होत नाही म्हणून. ऐकू नकोस. कमरेइतकाच ठेव आणि बाहेरच्या बाजूला एक स्टूल. माणूस बसला की बोलतो. आणि सुटे पैसे काउंटरवर ठेवू नकोस, हातात दे.

तुझा,
काका