वाचकांचे प्रश्न : शाळेचे फाटक आणि रस्ता

प्रश्न : माझा नातू इंदूरच्या सुदामानगर भागातील एका शाळेत तिसरीत शिकतो. शाळा सुटताना फाटकासमोर मोटारी, स्कूटर आणि व्हॅन यांची इतकी दाटी होते की मुलांना वाहनांच्या फटींतून रस्ता ओलांडावा लागतो. पालकांनी गतिरोधकासाठी महापालिकेकडे अर्ज देण्याचे ठरवले आहे. त्याने प्रश्न सुटेल का? शिवाय सूनबाई नातवाला आणि तीन वर्षांच्या नातीला एकाच स्कूटरवरून नेते. ते नियमात बसते का?
— एक आजी, इंदूर

उत्तर : अर्ज अवश्य द्यावा, परंतु आपल्या पत्रातूनच दिसते की खरी अडचण थांबलेल्या वाहनांची आहे. तिसरीतले मूल दोन उभ्या मोटारींच्या मधून बाहेर येते, तेव्हा ते रस्त्यावर पाऊल टाकेपर्यंत येणाऱ्या चालकाला दिसतच नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारे वाहन, चालकाला भान येऊन ब्रेक लागेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे गेलेले असते आणि कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबायला त्याला एकूण 28 मीटरच्या आसपास लागतात. वेग 30 असेल तर हेच अंतर साधारण 13 मीटर होते. म्हणून वेग कमी हवाच, पण मूल दोन-चार मीटरवर अचानक समोर आले तर तो कमी वेगही पुरत नाही.

तेव्हा पहिली मागणी अशी करावी की फाटकाच्या आणि झेब्रा पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंचा काही भाग पूर्ण मोकळा राहावा, व्हॅन शाळेच्या आवारात भराव्यात आणि लहान वर्ग थोडे आधी सोडावेत. आपले मूल सुरक्षित राहावे म्हणून अगदी फाटकाला गाडी लावणारे पालकच इतरांच्या मुलांची दृष्टी अडवतात, हे पालकसभेत स्पष्ट बोलले पाहिजे. ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा करण्याची सवय लावून घेतलेल्या या शहराला गाडी शंभर पावले अलीकडे थांबवणे जड जाऊ नये.

गतिरोधक मागताना तो भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाचा, म्हणजे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा गोलाकार मागावा. त्यावरून वाहन ताशी 25 किलोमीटरच्या सुमारास जावे, अशी त्याची रचना असते. अरुंद रबरी पट्ट्यांनी दुचाकीवरील मुलांनाच अधिक हिसके बसतात. त्याच्या अलीकडे सूचनाफलक आणि वर ठळक रंग नसेल, तर रात्री तोच धोका ठरतो.

सूनबाईंच्या स्कूटरविषयी : मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे दुचाकीस्वाराला मागे एकच व्यक्ती नेता येते, त्यामुळे दोन्ही मुले एका फेरीत नेणे नियमात बसत नाही. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटबरोबरच चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आवश्यक असून वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. शाळा जवळ असेल तर नातवाला आपण पायी न्यावे आणि नातीला स्कूटरवर, हा मार्ग आम्हांला सर्वांत सोयीचा वाटतो.

अर्जाच्या प्रती शाळेच्या व्यवस्थापनाला आणि वाहतूक पोलिसांनाही द्याव्यात, आणि सोबत शाळा सुटण्याच्या वेळचे छायाचित्र जोडावे.