पाव का भिजतो?

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. मुलांना शाळेत मिळणारा ‘स्लॉपी जो’ (टोमॅटोच्या गोडसर सॉसमधला खिमा भरलेला पाव) फार आवडतो. घरी केला की पाणचट होतो, पाव भिजून हातात फाटतो. काय चुकतं?

उत्तर : ताई, बहुतेक तुम्ही झाकण ठेवून शिजवताय. माझंही पहिल्यांदा तेच झालं. शेवटी आम्ही सगळे चमच्याने खात होतो! अर्धा किलो खिमा मोठ्या आचेवर, न हलवता, तपकिरी होऊ द्या. सुटलेली चरबी काढून टाका. मग बारीक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, लसूण. ते मऊ झालं की पाऊण कप केचप, चमचाभर ब्राउन शुगर, थोडी मोहरीची पेस्ट, किंचित व्हिनेगर आणि पाव कप पाणी. झाकण न ठेवता पंधरा मिनिटं मंद आचेवर. कालथ्याने कढईत रेघ ओढा. ती लगेच भरून आली तर अजून आटवा.

पाव आतून लोणी लावून खरपूस भाजा, आणि पानात घेतानाच भरा. गरम मसाल्याचा मोह होईल, मला झाला होता. मुलगा म्हणाला, ‘आई, हा तर खिमा पाव!’ चवीला उत्तम होता, पण त्याला हवा होता तो नव्हे.