ट्रंकेतली सनद आणि इतिहासातलं करिअर

प्रश्न : मी भोर तालुक्यातली, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरी एका ट्रंकेत मोडी कागदांचं गाठोडं आहे. त्यात शिवाजी महाराजांनी आमच्या पूर्वजांना दिलेली सनद आहे, असं आजोबा सांगतात. ते खरं की खोटं हे कसं ठरवतात? मला इतिहास संशोधक व्हायचंय. बाबा म्हणतात, त्यात पोट भरत नाही, एमपीएससी कर. मी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर कळलं की दुसरा बराच सोपा होतो, म्हणून कागदापासून सुरुवात करू.

गाठोडं सोडण्याआधी एक पथ्य पाळ. कागद कोणत्या क्रमाने बांधलेत ते लिहून घे आणि तो क्रम मोडू नकोस. कुठला कागद कुठल्या कागदाला लागून होता, यावरूनही पुष्कळ कळतं. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यांतलं काहीही करायचं नाही. घडी कडक झाली असेल तर ती जबरदस्तीने उलगडू नकोस. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. पाठपोट दोन्ही बाजूंचे काढ, कारण दफ्तरातले शेरे आणि ‘बार’ झाल्याच्या, म्हणजे कागदाची दफ्तरात नोंद झाल्याच्या, खुणा बऱ्याचदा पाठीवरच असतात. त्या वगळून काढलेल्या फोटोवरून पुढे काहीच ठरवता येत नाही.

मग वाचन. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडलेले नसतात, आणि आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहिलेली असतात. ‘राा’ म्हणजे राजश्री, ‘पाा’ म्हणजे परगणे अशी संक्षेपं जागोजागी येतात. लिप्यंतर ओळीला ओळ करायचं, मूळ शुद्धलेखन सुधारायचं नाही, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्यायची. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. घरात जे ऐकलेलं असतं तेच नाव अस्पष्ट अक्षरात दिसायला लागतं. म्हणून आधी वाचायचं आणि आजोबांचं म्हणणं नंतर ताडायचं.

तारखेकडे विशेष लक्ष दे. मराठी कागदांत पुष्कळदा सुहूर सन, म्हणजे जुन्या दफ्तरी कामातली कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. समज, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००; बेरीज ११६१. हे वर्ष मृग नक्षत्र लागल्यापासून, म्हणजे मे-अखेर ते जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं. मृगापासून डिसेंबर-अखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ११६१ अधिक ६००. सरसकट ६०० मिळवणाऱ्याच्या अर्ध्या तारखा एका वर्षाने चुकतात. ‘मया व अलफ’ लिहायचं गाळलेलंही असतं, तेव्हा शतक मजकुरातल्या माणसांवरून ठरवावं लागतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. तिथी आणि वार दिलेले असतील तर मोडकांच्या किंवा खऱ्यांच्या जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखा जुळवायच्या छापील कोष्टकांत, ताडून बघ. वार जुळला नाही तर थांबायचं.

आता तुझी सनद. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. कागद १६६० चा म्हणतोय आणि त्यात ‘राज्याभिषेक शके’ किंवा ‘क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपति’ आलं असेल, तर तो त्या वर्षी लिहिलेला नाही. महाराजांच्या कागदाच्या माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असते. पण शिक्काही खोटा करता येतो, तेव्हा एकट्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नकोस. कागद उजेडासमोर धर. आत विलायती कारखान्याचं जलचिन्ह, त्यात १८४० सारखं साल दिसलं, तर कागद शिवकालीन नाही.

तरीही लगेच ‘बनावट’ म्हणू नकोस. जुनी सनद जीर्ण झाली की तिची नक्कल करून ठेवायची रीत होती. नक्कल प्रामाणिक असू शकते. फक्त नकलाकाराच्या चुका आणि भर त्यात धरून चालायची. बनावट कागदांनाही कारण असायचं. वतनाच्या भांडणात गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे, पुरावा लागे, आणि पुढे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनने, ज्याला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, इनामदारांकडे सनदा मागितल्या. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याला तो ‘तयार’ करण्याचा मोह होता. म्हणून प्रत्येक कागदाला विचार : हा कुणी, कुणासाठी, का लिहिला, आणि हा खरा ठरल्याने कुणाचा फायदा होत होता?

घरातल्या कागदाने काय होऊ शकतं, याचं उदाहरण तुझ्याच तालुक्यातलं आहे. शिवजन्माची तिथी उत्तरकालीन बखरींत वैशाखातली, शके १५४९ ची सापडते, म्हणजे १६२७. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे शकवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१ आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या शिवभारतात, म्हणजे शिवकालीन संस्कृत काव्यात, तीच तिथी आहे आणि जोधपूरला मिळालेल्या कुंडलीतही तीच. आता मोजणी कशी करायची? बखरी संख्येने जास्त भरतील, पण एकीवरून दुसरी उतरली असेल तर दहा बखरी मिळून साक्षीदार एकच. इथे तीन साधनं वेगवेगळ्या ठिकाणांहून, एकमेकांना न विचारता तेच सांगतात. शिवाय शकावलीतल्या इतर अनेक नोंदी समकालीन कागदांशी जुळतात. इतिहासकाराचं खरं कौशल्य या मोजणीत आहे, आणि मला वाटतं महाविद्यालयांत हीच गोष्ट सगळ्यात कमी शिकवली जाते.

म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची चिटणीस बखर अफझलखानाच्या भेटीसाठी कमकुवत साधन आहे; पण त्या काळच्या सातारकरांना शिवाजी महाराज कसे दिसत होते, यासाठी उत्तम. साधन कोणत्या प्रश्नाचं, हे आधी ठरवायचं. १६६४ च्या सुरतेच्या लुटीची हकीकत इंग्रज वखारवाल्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला कळवली. त्यात आपली वखार आपण कशी राखली, हे मालकांना दाखवायची त्यांना गरज होती. शौर्याच्या वर्णनाला तेवढी सूट द्यायची. तारखा आणि शहरातली पळापळ मात्र ते उगाच कशाला बदलतील?

आता बाबांचा प्रश्न. ते चुकीचं बोलत नाहीत. प्राध्यापकीसाठी एम. ए., मग नेट किंवा सेट, बहुधा पीएच. डी., आणि जागा मोजक्या. पण वाट तेवढीच नाही. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. राज्याच्या पुराभिलेख विभागात, संग्रहालयांत, विद्यापीठांच्या हस्तलिखित विभागांत कामं असतात. मोडी लिप्यंतर हे जमिनीच्या आणि वारसाच्या दाव्यांमुळे चालणारं काम आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात नेमलेल्या शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत गरज पडली. कामाचा ओघ कमी-जास्त होतो, त्यामुळे यावर एकट्यावर संसार उभा राहील असं मी सांगणार नाही. एमपीएससीलाही इतिहास लागतोच. एम. ए. होईपर्यंत दोन्ही वाटा उघड्या ठेवणं शहाणपणाचं आहे.

या दोन वर्षांत मोडीचा वर्ग कर आणि रोज एक पान वाच. सहा महिन्यांनी सोपं अक्षर लागायला लागतं. घसटीला, म्हणजे भरभर लिहिलेल्या जोडाक्षराला, जास्त वेळ जातो. सोबत फारसी किंवा पोर्तुगीज यांपैकी एक भाषा धर. पणजीच्या अभिलेखागारात मराठ्यांविषयी पुष्कळ पोर्तुगीज कागद आहेत आणि ते वाचू शकणारे मराठी अभ्यासक थोडे आहेत. सुट्टीत पुण्याला जा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत. ओळखपत्र आणि प्राध्यापकांचं पत्र बरोबर ने, शाईचं पेन घरी ठेव. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड आधी चाळ, म्हणजे काय मागायचं ते कळेल. पण छापील खंड ही निवड आहे, हे विसरू नकोस. न छापलेलं अजून रुमालातच आहे.

आणि या आठवड्यातच आजोबांजवळ वही घेऊन बस. गाठोडं कुणाकडून आलं, कुठल्या वाड्यात होतं, वाटण्या कधी झाल्या, कोणत्या भाऊबंदांकडे आणखी कागद गेले, हे तारखेसह लिहून घे. हे कुठल्याच कागदावर नोंदलेलं नसतं.