फॉर्म भरण्याआधी दाखला काढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. धाकट्या भावाला नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं ठरवलंस, चांगलं केलंस. 'गुरुजी, ऑनलाइन क्लास लावू का? आठ हजार म्हणतायत,' असं विचारलंयस. क्लासचं नंतर बघू. आधी मला एक सांग, तिसरीत असताना तो चार महिने तालुक्याच्या गावी मावशीकडे होता ना? आई-बाबा कारखान्यावर गेले होते त्या साली. तेव्हा त्याचं नाव तिथल्या शाळेत घातलं होतं, की नाव आपल्याच शाळेत होतं आणि तो नुसता राहायला तिकडे होता?

उगाच उकरत नाही. नवोदयच्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, म्हणजे त्यातली निदान ६० ग्रामीण. पण ग्रामीण कोण, हे घर कुठे आहे त्यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर नाव असलं, तरी मूल शहरी धरतात. एक दिवस, असंच आहे नियमात. आणि आपलं तालुक्याचं गाव आता नगरपरिषदेचं, म्हणजे शहरी आहे.

हे मी नियम वाचून शिकलो नाही, एका मुलीचं नुकसान करून शिकलो. तेव्हा फॉर्म कागदी होता आणि तो मीच भरायचो, माझं अक्षर बरं म्हणून. मुलगी चौथीत आमच्याकडे आली होती. बाप शहरात वॉचमन होता, काम सुटलं आणि कुटुंब गावी परतलं. तिसरीचा दाखला नगरपालिकेच्या शाळेचा होता. माझ्याच कपाटात, माझ्याच फाइलला लावलेला. पाचवीत फॉर्म भरताना मी तो पाहिलासुद्धा नाही. मुलगी गावची, झोपडी गावात, ग्रामीणवर खूण केली आणि सही-शिक्क्याला पाठवून दिला. तिचं नाव यादीत आलं. गावानं पेढे वाटले. कागदपत्रं तपासायला आम्ही तिघं गेलो, ती, तिचा बाप आणि मी. टेबलामागच्या माणसानं दाखला उलटला, शाळेच्या नावाखाली बोट ठेवलं आणि काही न बोलता तो कागद माझ्याकडे सरकवला. परत येताना एसटीत तिनं मला एवढंच विचारलं, "गुरुजी, माझं कुठलं उत्तर चुकलं?"

शहरी म्हणून फॉर्म भरला असता तर ती लागली असती का, कोण जाणे. ग्रामीण कोटा सोडून ज्या जागा उरतात त्या ग्रामीण-शहरी दोघांना गुणांप्रमाणे खुल्या असतात, आणि पोरगी चुणचुणीत होती. तेव्हा धाकट्याचं नाव तिथल्या पटावर लागलेलं असेल तर 'शहरी' भर. कोणी म्हणेल, चार महिन्यांचं काय घेऊन बसलीस, कोण बघतंय! बघतात.

म्हणून पहिलं काम: शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंद असते त्या वहीचा, उतारा माग. नाव, आडनाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, सगळं आधार कार्डाशी जुळवून बघ. आपल्याकडे आजोबाच्या तोंडी एक नाव, आधारवर दुसरं आणि रजिस्टरात तिसरं असतं. जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ता टाक, शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग असते. फॉर्म ऑनलाइन आहे, त्याला फी नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं, त्यावर मुलाचा फोटो, मुलाची सही आणि पालकाची सही लागते. धाकट्याला सही येते का? हसू नकोस. दहा वर्षांची पोरं प्रत्येक कागदावर वेगळी सही करतात. त्याच्याकडून आठवडाभर एकच सही गिरवून घे. माध्यमाच्या रकान्यात मराठी टाक. फॉर्ममध्ये जी भाषा भरशील तीच प्रश्नपत्रिका हातात येते.

आणि हेही ध्यानात ठेव, सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवीत पुन्हा बसवून दुसरा प्रयत्न करता येत नाही.

आता पेपर. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. ४० प्रश्न आकृत्यांचे, २० गणिताचे, २० भाषेचे. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही.

निम्मे गुण आकृत्यांना आहेत आणि शाळेत त्या कोणी शिकवत नाही. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. वेगळी आकृती शोधा, मालिका पुढे न्या, आरशातली प्रतिमा ओळखा, लपलेली आकृती शोधा, असं. पोरांची सगळ्यात जास्त भंबेरी उडते ती घडी घातलेल्या कागदाला भोक पाडण्याच्या प्रश्नात. त्यासाठी पुस्तक नको. वहीचं पान चौकोनी काप, आडवी एक आणि उभी एक घडी घाल, आणि पोतं शिवायच्या दाभणानं एका कडेजवळ भोक पाड. उघडायच्या आधी त्याला विचार, किती भोकं दिसतील आणि कुठे? तो म्हणेल दोन. मग उघडून दाखव, चार. दुसऱ्या दिवशी भोक घडीच्या अगदी रेघेवर पाड आणि परत विचार, आता चार का झाली नाहीत? आठवडाभरात तोच तुला कोडी घालायला लागेल. आरशाच्या प्रश्नाला आईचा कुंकवाचा आरसा पुरे. आकृतीच्या उजव्या बाजूला उभा धरायचा. पण आधी उत्तर, मग आरसा.

गणित मुख्यतः लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ यांतच फिरतं. पाढे पक्के असतील तर अर्ध्या तासात २० प्रश्न होतात, नसतील तर होत नाहीत. यात सांगण्यासारखं अजून काही नाही.

भाषेत चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न. इथे हुशार मुलं जास्त फसतात, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. शेतीवर उतारा आला की आपलं पोर घरच्या शेतात बघितलेलं उत्तर देऊन मोकळं होतं, आणि उताऱ्यात लिहिलेलं असतं भलतंच. त्याला सवय लाव, उत्तर सांगितलंस तर ते कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर चूक, मग ते जगात कितीही खरं असो.

उत्तरपत्रिका ओएमआरची, म्हणजे यंत्रानं तपासायची. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल भरायचे, खाडाखोड चालत नाही. मी एका वर्षी सराव पेपर घेतला तेव्हा एका पोरानं सतरावा प्रश्न अवघड म्हणून सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्या गोलात भरलं. तिथून पुढची सगळी गाडी एक डबा मागे. पुढचे ६३ प्रश्न त्यानं व्यवस्थित सोडवले होते! म्हणून प्रश्न सुटला की लगेच गोल, आणि गोल भरताना क्रमांक मनात म्हणायचा. दर रविवारी त्याला ११.३० ला बसव, कारण खरी परीक्षा ११.३० ते १.३० अशी असते. त्या वेळी आपल्याकडे पोरं जेवायची वाट बघत असतात. त्याला साडेदहाला भाकरी खायची सवय लाव.

आता तुझा क्लास. क्लासवाल्यांच्या मी विरोधात नाही, काहींच्याकडून पोरं लागतातही. पण दहा वर्षांच्या पोरानं रोज दोन तास मोबाईलकडे बघत बसायचं, आणि आठ हजार म्हणजे तुझ्या आईची किती दिवसांची मजुरी, हा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करशील. तू बीएस्सीला आहेस. रोज पाऊण तास त्याच्या शेजारी बस. कॉलेजहून दमून येतेस, ठाऊक आहे. दमलीस त्या दिवशी नुसतं कागदाचं भोक.

एक गोष्ट मात्र तुम्ही घरी बोलला नसाल, अशी मला शंका आहे. नवोदय ही राहायची शाळा. अकराव्या वर्षी पोर घर सोडणार. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे सरकारकडून, आणि शिक्षण चांगलं, यात वाद नाही. यातल्या पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये उघडल्या, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि असं काही खेड्यातल्या पोरांसाठी चालेल यावर आमचा कोणाचा विश्वास नव्हता. चाललं. पण सुरुवातीची वर्षं मराठीत झाली की पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून होतं. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या विद्यालयात पाठवतात, तिकडची मुलं इकडे येतात. आणि रात्री ताप आला तर उशाशी आई नसते. धाकटा अजून आईच्या पदराला धरून झोपतो, असं तूच मागे सांगितलं होतंस. त्याला आत्तापासून स्वतःचे कपडे धुवायला लाव, अंथरूण घालायला लाव. लागला तर उपयोगी पडेल, नाही लागला तर आईचं काम कमी होईल.

आणि नाही लागला तर काय, हे त्याला परीक्षेच्या आधी सांग. निकालानंतर सांगितलेलं पोरांना समजूत वाटते. यादीनंतर प्रतीक्षा यादी असते. आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. आपल्याच शाळांमध्ये शिकत राहिला तर आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते, त्यात नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ती नवोदयच्या मुलांना देता येत नाही. हे आईलाही सांग, तिला रुपयांचं लवकर कळेल.

येत्या रविवारी दोघं या. माझ्याकडे जुने पेपर आहेत, झेरॉक्स काढून ने, मूळ प्रती मला परत हव्यात. रजिस्टरचा उतारा आणायला विसरू नकोस. आणि आल्यावर त्याला थोडा वेळ माझ्यापाशी सोडून तू काकूंना भेटायला आत जा. त्याला खरंच जायचंय का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, आणि तुझ्यासमोर तो 'हो'च म्हणेल.

तुझा,
गुरुजी