इंदूरमध्ये रक्तदाब-मधुमेहाची तपासणी वॉर्डातच नियमित व्हावी, यासाठी पाठपुरावा कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की मंडळानं बारा मागण्यांचं निवेदन पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना दिलं, फोटो निघाला आणि पुढे वर्षभर काही हललं नाही. घोळ बारा मागण्यांतच आहे. आमचं रामबागेतलं पहिलं निवेदन तर चौदा मागण्यांचं होतं, डासांपासून योगवर्गापर्यंत सगळं त्यात. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तसा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मीही 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून पुढे सरकवला असता.

आधी कोणतं काम कुणाचं ते वेगळं काढा. पाणी, ड्रेनेज, कचरा, डास हे निगमचं, म्हणजे महापालिकेचं. डॉक्टर, नर्स, आशा, गोळ्या हे आरोग्य विभागाचं, म्हणजे जिल्ह्यात सीएमएचओंचं (मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी). सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर शहरांच्या कामांच्या यादीतही. त्यामुळे दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवायची सोय झाली आहे. तपासणीची मागणी घेऊन तुम्ही पार्षदांकडे गेलात तिथेच निम्मं वर्ष गेलं. त्यांना सोबत जरूर घ्या, पण अर्ज सीएमएचओंच्या नावानं.

मग एकच मागणी निवडा, आणि ती सरकारच्याच कागदात सापडते का बघा. आमची होती संध्याकाळच्या ओपीडीची. वॉर्डातलं सरकारी क्लिनिक सकाळी उघडायचं, दुपारी बंद. ज्यांचा रक्तदाब बघायला हवा ते रिक्षावाले, दुकानातली पोरं, घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा कामावर. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या २०१३च्या आराखड्यात शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ अशी सुचवलेली आहे. ते पान आम्ही अर्जाला जोडलं. 'नवीन काही मागत नाही, तुमचंच मागतोय' म्हटल्यावर समोरच्याचा सूर बदलतो. उलट, आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं २०१७च्या धोरणातलं वाक्य आम्ही पहिल्या निवेदनात ठळक अक्षरात टाकलं होतं. त्यानं वॉर्डातला कुणी घाबरत नाही.

वेळही साधावी लागते. जिल्ह्याची मागणी राज्याच्या आराखड्यात जाते आणि तो मार्चच्या बराच आधी तयार होतो. मार्चमध्ये गेलात तर पैसे वाटून झालेले असतात. दिवाळीचा फराळ संपला की लागा.

दिवाळीवरून आठवलं. प्रतिबंधाची पंचाईत अशी की न झालेला आजार दिसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही. आपल्या इंदुरात मात्र एकदा निघाला होता. १९१७ साली, तुकोजीराव होळकरांच्या काळात, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आले तेव्हा शहर प्लेगनं गांजलं होतं आणि लोकांना हा साहेबच संशयास्पद वाटत होता. त्यांनी दरबाराकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक काढली. ती नेहमीच्या रस्त्यानं जाणार नव्हती; ज्या भागात घरांची साफसफाई आणि डागडुजी सगळ्यात जास्त, तिथून जाणार होती. झालं, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता आणि स्वच्छ कपड्यांत, मानानं चालणारे सफाई कामगारही. गेडिस यांचा शहराबद्दलचा दोन खंडांचा अहवाल पुढच्या वर्षी आला. मला मिरवणूक अहवालापेक्षा मोठी वाटते.

गंमत म्हणजे १९९४मध्येही उंदीरच कामी आले. सुरतेच्या प्लेगची धास्ती होती तेव्हा आपलं एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल रिकामं करून उंदीर मारले गेले, आणि त्यातूनच रोगी कल्याण समितीची, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीची कल्पना निघाली. नंतर ती ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर देशभर गेली. या समितीत लोकांचे प्रतिनिधी असतात. तुमच्या भागातल्या केंद्राच्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही हे विचारलं आणि उत्तराच्या आधी बैठकच लागली.

शिबिरांच्या नादी मात्र लागू नका. मंडप, हार, 'इतक्या जणांची तपासणी' अशी बातमी, आणि ज्याचा रक्तदाब वाढलेला निघतो तो चिठ्ठी खिशात घालून घरी. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम आहे, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत मध्यप्रदेश होतं. त्यात नोंद ठेवतात ती किती जण परत आले आणि कितींचा रक्तदाब १४०/९०च्या खाली आला याची. तुमच्या केंद्राचा हाच आकडा मागा, दर तीन महिन्यांनी. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, एवढा एकच प्रश्न घेऊन गेलात तरी चालेल.

आमची ओपीडी आता आठवड्यातून दोन संध्याकाळी चालते. मागितल्या होत्या सहा. तिसऱ्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा आमच्यातल्या दोघी रोज जाऊन 'आज आल्या का' विचारायच्या. फार्मासिस्ट त्यांना बघून आतच जायचा. गोळ्या आल्या. यंदाचा अर्ज त्या साठ्याचाच आहे, कच्चा मसुदा हवा असेल तर मेसेज करा.