घारापुरीचं सहावं लेणं

घारापुरी दोनदा झाली, त्रिमूर्ती बघितली, आता तिथेच गर्दी नसलेलं आणि निवांत बसून समुद्र बघता येईल असं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. फक्त ते बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आहे आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

आपण बघतो ती १ ते ५ क्रमांकाची लेणी पश्चिमेच्या टेकडीत. बहुतेक मंडळी पहिलं लेणं बघतात, फार तर वर तोफेपर्यंत जातात आणि लाँच गाठायला पळतात. मधली घळ ओलांडून पलीकडे चढलं की सहावं लेणं लागतं, सीताबाईचं देऊळ. शिल्पं बघायला म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल, आधीच सांगतो. चार खांबांची ओसरी, मागे तीन खोल्या, आणि काय ती नक्षी असेल ती मधल्या खोलीला. पोर्तुगीज अमलाच्या शेवटी शेवटी इथे चर्च भरायचं. मी तिथे नुसता बसायला जातो. ओसरीत गारवा असतो आणि तासभर माणूस दिसत नाही. पहिल्या लेण्यात इतक्या वेळात चार शाळांच्या सहली येऊन जातात!

सातवं लेणं लगेच पुढे. लेणं कसलं, सुरुवात करून सोडून दिलेलं काम. खडकात दोष निघाला म्हणून कारागिरांनी हात आखडता घेतला, असं मानतात. मला हे फार आवडतं. दीड हजार वर्षांपूर्वीही कुणाचं तरी काम मटेरियलमुळे अडलं होतं तर!

त्यापुढे एक कोरडा तलाव, धोंड्यांनी भरलेला, आणि काठाला बौद्ध काळातली पाण्याची टाकी. टेकडीची सोंड उत्तरेला जिथे संपते तिथे मातीचा उंचवटा दिसेल, तो स्तूप. बोर्ड शोधत बसू नका. तुम्हाला हवं ते दृश्य याच बाजूला आहे: खाली खारफुटी, पुढे खाडी आणि तिच्यावरून गेलेला अटल सेतू. ओहोटी असेल तर चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पाण्याचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो.

आता वाटेचं. ती गवतात हरवते. एकदा ऑक्टोबरात मी शहाणपणा करून कुणालाच न विचारता निघालो आणि अर्धा तास करवंदीच्या जाळीत फिरलो, शर्टाची बाही तिथेच राहिली. त्यामुळे वर चौकीदाराला आधी विचारा, तो नको म्हणाला तर हट्ट करू नका. पावसाळ्यात तर नकोच. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सोमवारी लेणी बंद असतात, ते तुम्हाला माहीत असेलच.

मुलगा सात वर्षांचा आहे म्हणालात, तो चढेल. त्याच्या हातात खाऊ मात्र देऊ नका. माझ्या हातातली ताकाची बाटली एका माकडाने हिसकावली, समोर बसून झाकण फिरवून उघडली आणि अर्धं ताक पिऊन बाटली मलाच फेकून मारली. पाणी सॅकमध्ये, सॅक पाठीवर.

शेवटच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा, कारण बेटावर पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. परतताना वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे घेतात, ते द्या. हिवाळ्यात सीगल लाँचच्या बरोबरीने उडत येतात, मुलगा खूश होईल.