द्रेष्काणात काणा कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘हाती लिहिलेल्या जुन्या पत्रिकेत लग्नकुंडलीच्या शेजारी “द्रेष्काण” अशी एक चौकट आहे. हा शब्द “दृक्” म्हणजे दृष्टीवरून आला का? त्यातला “काण” म्हणजे काणा का? आणि पाश्चात्त्य ज्योतिषात डेकन म्हणतात ते हेच का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, आणि म्हणूनच आधीच्या दोन्हींचं ‘नाही’.

द्रेष्काण म्हणजे राशीचा तिसरा हिस्सा. रास ३० अंशांची, तिचे दहा-दहा अंशांचे तीन तुकडे; बारा राशींचे मिळून ३६. ग्रीकमध्ये ‘डेका’ म्हणजे दहा, त्यावरून ‘डेकानोस’. तोच आपल्याकडे आला आणि द्रेष्काण झाला. गंमत अशी की ‘डेका’ आणि आपला ‘दश’ मुळात एकाच घरातले. सख्खा भाऊ परदेशातून इतका बदलून आला की आपण त्याला पाहुणा समजून ‘या, बसा’ म्हणालो. लॅटिनमध्ये ‘डेकानुस’ म्हणजे दहा जणांचा म्होरक्या; त्याचंच झिजलेलं रूप म्हणजे मेडिकल कॉलेजचे डीन. त्यांना अधिष्ठाता म्हणा किंवा डीन, द्रेष्काणाशी त्यांचं नातं लागतंच.

शब्द बाहेरचा आहे याची खूण ग्रीक न येणाऱ्यालाही दिसते. संस्कृत ग्रंथांत तो द्रेष्काण, द्रेक्काण, दृकाण असा हवा तसा लिहिलेला सापडतो. घरच्या धातूपासून घडलेल्या शब्दाचं असं होत नाही. कानावरून आलेल्याचं होतं. ‘डेकान’मध्ये नसलेला ‘र’ मधेच कुठून घुसला? माझा अंदाज तुमच्या शंकेजवळच जातो. अनोळखी शब्द ओळखीच्या ‘दृक्’कडे ओढला गेला असावा. म्हणजे ‘दृक्’ त्याचा बाप नाही, पण दत्तक घेणारा असू शकेल.

आता हे दहा-दहाचं खूळ मुळात ग्रीकांचंही नव्हे, इजिप्तचं. इसवी सनापूर्वी सुमारे २१०० पासून तिथल्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतल्या बाजूला ताऱ्यांचे तक्ते काढलेले मिळतात. ३६ तारे किंवा तारकासमूह, दर दहा दिवसांनी त्यातला एक पहाटे सूर्याआधी नव्याने उगवताना दिसायचा. ३६ दाहे ३६०, वर ५ दिवस जोडले की वर्ष पुरं. रात्री किती वाजले तेही त्यांच्या उगवण्यावरूनच ठरायचं. म्हणजे द्रेष्काण आधी घड्याळ होतं. भविष्य सांगायला ते फार नंतर लागलं.

ग्रीकांनी या ३६ तुकड्यांना राशीत बसवलं आणि प्रत्येकाला ग्रह नेमून दिला. तिथे ‘डेकानोस’च्या जोडीला ‘प्रोसोपोन’ म्हणजे चेहरा हाही शब्द आहे. ग्रहांचा क्रम लावला तो त्यांच्या गतीचा, मंदापासून जलदाकडे: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. सुरुवात मेषेत मंगळापासून. कागद घ्या आणि लिहून बघा. मेषेचे तीन मंगळ, रवी, शुक्र. वृषभेचे बुध, चंद्र, शनी. मिथुनेचे गुरू, मंगळ, रवी. कर्केचे शुक्र, बुध, चंद्र. आता प्रत्येक राशीचा फक्त पहिला ग्रह वाचा: मंगळ, बुध, गुरू, शुक्र, पुढे सिंहेला शनी, कन्येला रवी, तुळेला सोम. आठवड्याचे वार! कारण साधं आहे: एका राशीत तीन पावलं पुढे जायचं, आणि दिवसाच्या २४ होरा म्हणजे तास सातांनी भागले तर बाकीही तीनच उरते. दर होरेला याच क्रमाने एकेक ग्रह, आणि दिवसाच्या पहिल्या होरेचा जो ग्रह त्याचाच तो वार; वारांचा क्रम ज्या हिशेबातून निघतो, तोच हा हिशेब.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथात मात्र ही मांडणी बदललेली दिसते. तिथे पहिला द्रेष्काण त्याच राशीच्या स्वामीचा, दुसरा तिथून पाचव्या राशीच्या आणि तिसरा नवव्या राशीच्या. मेषेचे झाले मंगळ, रवी, गुरू. नाव तेच, कारभार वेगळा. तुमच्या पत्रिकेतली चौकट बहुतेक या पद्धतीची असणार.

आणि जुनी ग्रीक मांडणी? ती दुसऱ्यांदा आली, अरबांच्या वाटेने, ताजिक ज्योतिषातून. १५८७ च्या ताजिकनीलकंठी या संस्कृत ग्रंथात पहिले द्रेष्काण मंगळापासून, दुसरे रवीपासून, तिसरे शुक्रापासून वारांच्या क्रमाने मोजायला सांगितले आहेत. वर कागदावर आला तोच तक्ता. त्याच वाटेने ‘हद्दा’ आला. राशीचे पाच असमान तुकडे करून ते ग्रहांना वाटले, त्याला ग्रीकांनी ‘होरिया’ म्हणजे सीमा म्हटलं. अरबांनी त्याचं भाषांतर केलं ‘हद्द’. ‘आता मात्र हद्द झाली’ म्हणताना आपण वापरतो तीच.

ग्रह कुठे बलवान, कुठे दुबळा, हे ठरवण्याची ही सगळी मापं. त्यातलं सगळ्यांत ओळखीचं माप ‘उच्च’. ‘सध्या त्याचे ग्रह उच्चीचे आहेत’ हे तर पत्रिका न मानणाराही बोलून जातो. ही कल्पनाही ग्रीकांकडे होती: ‘हिप्सोमा’ म्हणजे उंची आणि ‘तापेइनोमा’ म्हणजे खाली जाणं. पण इथे आवाज नाही आला, अर्थ आला. उंच-खाली याला घरचे शब्द तयार होते, म्हणून उच्च आणि नीच. ‘डेकानोस’ला तसा शब्द तयार नव्हता, तो आहे तसा घेतला. आकडे मात्र ओळख देतात. चंद्राचं परमोच्च, म्हणजे उच्चाचा नेमका अंश, वृषभेच्या ३ अंशांवर, मंगळाचं मकरेच्या २८, बुधाचं कन्येच्या १५, शुक्राचं मीनेच्या २७; हे दोन्हीकडे सारखं. रवी ग्रीकांकडे मेषेच्या १९ वर, आपल्याकडे १० वर. गुरू १५ चा ५ झाला, शनी २१ चा २०.

द्रेष्काणाला या मापांत मान बेताचाच. दुसऱ्या शतकातला ग्रीक ज्योतिषी टॉलेमी स्वतः इजिप्तमध्ये राहून लिहीत होता, पण ग्रहांच्या बलांचा विचार करताना त्याने स्वगृह, त्रिकोण, उच्च आणि हद्दा घेतले, द्रेष्काण नाही.

‘होरा’, ‘केंद्र’ हेही याच गाठोड्यातले. त्याचा होरा चुकला म्हणताना आपण ग्रीक तास चुकवतो. होरा म्हणजे ‘अहोरात्र’मधून पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून उरलेलं, अशी व्युत्पत्ती काही जण देतात, हे वराहमिहिरानेच नोंदवलं आहे. म्हणजे ‘दृक्’ आणि ‘काण’ शोधणारे तुम्ही पहिले नव्हेत, परंपरा जुनी आहे.

राहिला काणा. बृहज्जातकात ३६ द्रेष्काणांची चित्रं शब्दांत दिली आहेत. मेषेचा पहिला: कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, कुऱ्हाड उगारलेला, लाल डोळ्यांचा पुरुष. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर या ज्योतिषाने भारतीयांची म्हणून ही चित्रं अरबीत लिहिली, आणि तिथून ती युरोपात गेली. इटलीत फेरारा गावी स्किफानोइया महालाच्या भिंतीवर १४७० च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रं काढली, त्यात मार्चच्या पट्ट्यात पांढऱ्या फाटक्या कपड्यांचा, कमरेला दोर बांधलेला एक काळा माणूस उभा आहे. कलेचा इतिहासकार आबी वारबुर्गने १९१२ मध्ये रोमच्या व्याख्यानात त्याची ओळख पटवली: वराहमिहिराचाच तो. कुऱ्हाड वाटेत कुठेतरी हरवली. डोळे वराहमिहिराने लाल सांगितले आहेत, काणा म्हटलेलं नाही.